पंपावरचं ओलं फडकं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. भुताखेतांची पुस्तकं नोंदवली, वाचली नाहीत. तरी हे लिहितेय... लिहिल्याशिवाय स्वस्थता नाही म्हणून.

गेल्या मेमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. भर दुपार, शेजारी शिफ्टला, दारात बाबांची साठ सालातली गाडी तेवढी. तीच घेऊन चाकणहून तळेगावच्या दवाखान्यात निघाले आणि महाळुंग्याच्या अलीकडे ती बंद पडली. मागच्या सीटवर बाबा. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डावी मूठ आवळून हवेत पिरगाळत होते — पुन्हा पुन्हा. तहान लागली असेल, म्हणून मी बाटली तोंडाला लावली. त्यांनी मान फिरवली. अर्ध्या तासाने एक टेम्पो थांबला. ‘उशीर झाला,’ डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी बाबा गेले.

गाडी का बंद पडली, एवढंच मला कळायला हवं होतं. यंदाच्या मेमध्ये बाबांचे जुने मेकॅनिक शंकरभाऊ यांना शेजारी बसवून त्याच वेळी, त्याच रस्त्याने निघाले. निघण्याआधी त्यांनी इंजिन नीट तपासलं होतं. महाळुंग्याच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद.

शंकरभाऊ हसले. “म्हातारीला ऊन सोसत न्हाई ताई! नळीतच पेट्रोलची वाफ हुती. इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं पिळून टाकायचं, धा मिन्टात उठती. तुमचे अण्णा उन्हाळाभर त्येच करायचे. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

नव्हतं. बॉनेट मी जन्मात उघडलं नव्हतं.

पिळून... ती मूठ! बाबा मला सांगत होते आणि मी पाणी पाजत बसले होते.

शंकरभाऊंनी बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

“हे कवा टाकलं, ताई?”

पंपावर ओलं फडकं होतं. निळ्या काठाचं, बाबांच्या पंच्याचं. त्यांचे पंचे तर मी तेराव्यालाच देऊन टाकले होते.

“निघताना न्हवतं,” शंकरभाऊ हळूच म्हणाले. बोट लावून पाहिलं. “गार हाय वो...” त्या उन्हात, तापल्या इंजिनावर.

“चावी मारा.”

पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

शंकरभाऊ आता त्या गाडीची थट्टा करत नाहीत. बाबांनी मला माफ केलं, की राहिलेलं सांगून टाकलं — ठरवता येत नाही. फडकं माझ्या टेबलावर आहे. केव्हाच वाळलंय, पण त्याचा पीळ सुटत नाही. एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल... एकाच हाताने पिळावं तसा.