आधी पाय, मग डोकं

त्या वर्षी दुष्काळ असा, की दवाखान्याचा नळ सोडला तर नुसते सुस्कारे यायचे. तरी दोन तांब्यांत मी ऑपरेशनसाठी असे हात धुवायची, की पुण्याच्या सर्जननी शिकायला यावं.

एका दुपारी दूध संस्थेची जीप दारात थांबली. मागे चार कॅन, त्यांच्यामध्ये आडवी एक पहिलटकरीण, उशाशी सासू. सकाळपासून कळा देऊन पोरगी थकलेली, बाळाचं डोकं खाली हाडात रुतलेलं, ठोके मंदावत चाललेले. बीडला पाठवलं असतं तर बाळ वाटेतच गेलं असतं.

"कॅनात पाणी हाय," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्याकडं नसतंय, म्हाईत हाय आमाला."

त्याच पाण्यानं हात धुतले आणि पोट उघडलं.

एरवी सिझेरियनमध्ये डोक्याखाली हात घालायचा, डोकं वर उचलायचं, संपलं. इथं डोकं आणि हाड यांत बोटसुद्धा शिरेना. जोर करावा तर गर्भपिशवी फाटणार. सिस्टरनी खालून हात घालून डोकं वर ढकलायला घेतलं. आमच्या सिस्टर म्हणजे चिखलातली बैलगाडी एका हातानं काढणाऱ्या. पण डोकं हलेना.

"ढकला की, सिस्टर!"

"ढकलतेय! आता काय मीच आत जाऊ?"

"सोडा मग. मी वरनं पाय धरून काढते."

"केलंय का कधी?"

"लई वेळा," मी म्हणाले. वाचलं होतं लई वेळा. हातानं हे पहिलंच.

हात पिशवीत पार वरपर्यंत नेला. टाच लागली. हाताचा पंजा नाही, टाचच आहे, याची दोनदा खात्री केली. दुसरा पाय शोधला. दोन्ही धरून सावकाश ओढले. पाय आले, कंबर आली, खांदे आले आणि शेवटी बाटलीचं बूच निघावं तसं डोकं सुटलं. तो आवाज पाटोद्याच्या बाजारात ऐकू गेला.

पण बाळ निळं, लुळं. सिस्टर पाठ चोळतायत, फुग्यानं श्वास देतायत. मी पिशवीला टाके घालतेय, पण कान सगळा तिकडं. आधी नुसती कुरकुर आली, आणि मग असा टाहो, की बाहेर सासूनं बसकण मारली.

"बाई, आधी डोकं आलं का पाय?" तिनं नंतर विचारलं.

"पाय! मी स्वतः ओढले," मी छाती फुगवून म्हणाले. तिथंच चुकलं.

"म्हंजी पायाळू हाय की!"

पायाळूची लाथ बसली की उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर कमरा धरलेल्यांची रांग, आणि पुढं संस्थेचे चेअरमन, बोअरची जागा विचारायला.

"अहो, पोट कापून काढलंय त्याला!"

"पण पाय आधी आले का न्हाई?"

"आले."

"मग कावून भांडता, बाई?"

सगळ्यांना हाकललं. आत आई हळूच म्हणाली, "लई वढलं म्हणं तुमी. पाय धड हायत ना वो त्याचे?"

मी दोन्ही पाय वाकवून पाहिले, तळव्याला बोट लावलं. पठ्ठ्यानं अशी लाथ हाणली, की माझा स्टेथोस्कोप खाली पडला.

"धड? बैलाचे हायत!"

ती पहिल्यांदा हसली. मग मी दार लोटून घेतलं आणि गुपचूप माझी कंबर त्याच्यापुढं केली. ऑपरेशनपासून धरली होती. सुटली की हो!