तिसऱ्या रांगेतलं क्लॅरिनेट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन भिंगारमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. क्लासमध्ये सहा मशिनं होती, पण साउंड कार्ड आणि स्पीकर एकालाच. ते मशीन क्लास चालवणाऱ्या सरांनी दाराशी ठेवलं होतं, रस्त्यावरच्या लोकांना दिसावं म्हणून. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असे. तेवढा वेळ ते माझं.

त्यावर विमानांच्या लढाईचा एक जुना गेम होता. खेळण्यात मला गोडी नव्हती; त्याचं संगीत मात्र डोक्यातून जात नसे. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मी वाचलं की अशा गेममधलं संगीत आधी वाजवून घेतलेलं नसतं. वाद्यांचे छोटे छोटे आवाज आणि ते कधी, कोणत्या सुरात वाजवायचे याचा तक्ता, एवढंच फाईलमध्ये भरलेलं असतं. ‘ट्रॅकर’ नावाच्या प्रोग्रॅमवर ते बनवतात. फाईलच्या सुरुवातीपासून एक हजार ऐंशी बाइट सोडले की चार अक्षरांची एक ठरलेली खूण येते. म्हणजे गेमच्या मोठ्या फाईलमध्ये ती खूण शोधायची, तेवढंच मागे यायचं आणि तिथून कापायचं.

खूण पहिल्याच दुपारी सापडली. कापलेली फाईल काही वाजेना. तीन दुपारी अशाच गेल्या. चौथ्या दिवशी वहीतली वजाबाकी पुन्हा बघितली तेव्हा चूक दिसली. फाईलमधल्या जागांचे आकडे सोळाच्या पद्धतीने लिहिलेले होते आणि मी आपल्या नेहमीच्या दहाच्या पद्धतीने वजा केलं होतं. आदल्याच आठवड्यात हे गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवलं होतं. पुन्हा कापलं आणि वाजलं. पडद्यावर चार उभ्या रांगा सरकू लागल्या, प्रत्येकीत सुरांची इंग्रजी अक्षरं.

ते वाजत असतानाच मामा आले. आईने माझा विसरलेला डबा त्यांच्याबरोबर पाठवला होता. मामा लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. तेव्हापासून त्यांनी वाद्य पेटीतून काढलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. डबा हातात धरूनच ते स्पीकरसमोर उभे राहिले आणि कोण वाजवतंय म्हणून विचारलं. कुणीच नाही, असं सांगून मी त्यांना रांगा दाखवल्या. बँडमध्ये ते हीच अक्षरं वाचायला शिकले होते. खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ पुटपुटत वाचत राहिले.

“ही तिसरी रांग क्लॅरनेटची हाय,” ते म्हणाले. “पन ह्यो गडी श्वासच घेत न्हाई.”

मला ते कधी जाणवलं नव्हतं. बाकीच्या रांगा बंद करून मी तिसरी एकटीच लावली. श्वास कुठे घ्यायचा ते मामा टेबलावर बोट आपटून दाखवत गेले, आणि मी ट्रॅकरमध्ये त्या त्या जागी सूर थांबवत गेले. पुन्हा लावलं, तर चाल तीच, पण आता कुणीतरी माणूस वाजवतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा क्लॅरिनेट टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मी तिसरी रांग बंद केली आणि तिच्या जागी ते वाजवू लागले. कॉम्प्युटरचा सूर थोडा चढा होता. त्यांनी क्लॅरिनेटचा सांधा आत दाबून आपला सूर त्याच्याशी जुळवला. दोनदा बोटं अडखळली. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेले. मी मान वर केली तर दारात सर उभे. ते काही विचारायच्या आतच मी म्हणाले, “सर, हे मशीन लोकांना दिसावं म्हणून दाराशी ठेवलंय ना? आता रस्त्यापर्यंत ऐकूही जातंय.” सरांनी रस्त्याकडे बघितलं. समोरचा सायकल दुरुस्तीवाला काम सोडून ऐकत होता. सर आत येऊन बसले.

मग मला स्वतःची चाल बांधायची इच्छा झाली. माइक लावून मामांचा एकच सूर घेतला आणि बाकीचे सगळे त्यातूनच काढले. वरचे सूर मांजराच्या पिलासारखे निघाले. मामांना ते अजिबात पटलं नाही. खालचा, मधला, वरचा असे तीन वेगवेगळे सूर त्यांनी मला घ्यायला लावले, आणि त्यांचं बरोबर होतं. दोन मिनिटांची चाल बांधायला मला महिना लागला.

मुलांना सर्टिफिकेटं वाटली त्या दिवशी सरांनी ती सगळ्यांसमोर लावली. संपल्यावर मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ढोल लई मोठा झालाय, कमी कर. मी ढोल मुद्दामच मोठा ठेवला होता.

“नाही मामा,” मी म्हणाले. “ढोल एवढाच राहणार.”

त्यांनी जरा विचार केला. “ऱ्हाऊ दे मग. चाल तुझी हाय,” म्हणाले, आणि चहा घ्यायला गेले.