देवाच्या फोटोखालचं औषध

मंडळी, सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी नेहमीसारखा भजनाच्या ग्रुपवर देवाचा फोटो पाठवला. त्याखाली कुठून तरी आलेला मजकूरही चिकटवला: मेथीचं पाणी प्या, रक्तदाबाची गोळी सोडा.

आज सकाळी आमच्या शेजारच्या, मूळच्या तंजावरच्या सरोजाअक्का चक्कर येऊन जिन्यातच बसल्या. मी त्यांना ऑटोने दवाखान्यात नेलं. रक्तदाब बराच वाढला होता.

"गोळी कुणी बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं देवाच्या फोटोखाली लिहिलं होतं. खोटं कसं समजू?"

माझी मान खाली गेली. दुपारी बरं वाटल्यावर अक्काच हसल्या. "अय्यो, तोंड पाडू नको रे! कडू पाणी मी प्याले, तोंड तुझं वाकडं!"

तो मजकूर गुपचूप पुसावा, असं खूप वाटलं. पण तो वाचून आणखी कुणी गोळी सोडली असेल तर? ग्रुपवर सगळं सांगू का, असं अक्कांना विचारलं. म्हणाल्या, "सांग, पण माझं वय सांगू नको."

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि ग्रुपवर लिहिलं: "मी न तपासता पाठवलेला सल्ला चुकीचा होता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका." मग ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला.