ओट्याच्या मापाची गाडी

दोन गड्यांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून अव्वाला गाडीतून उतरवलं, तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. येळ अमावस्या होती. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी आमच्याकडे सगळं घर रानात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि घरची कर्ती बाई उभ्या पिकात आंबील शिंपडते. सगळी भावकी बघत होती आणि माझी आई पोत्यासारखी खाली ठेवली जात होती. सोलापूरला घरी आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या साली माजी मी चढले आन् माजी मी उतरले तरच येईन. न्हाय तर माज्याबिगर करा काय ते."

माझे वडील, अप्पा, गेल्यापासून वळसंगचं ते रान तिनंच राखलं होतं. पेरणीपासून मळणीपर्यंत तिच्या शब्दाबाहेर काही व्हायचं नाही. मग विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं. काठी टेकत चालायची. पाय मात्र उंच उचलायचा नाही. ती आली नाही तर आंबील शिंपडायला चुलती तयारच होती. त्यानंतर रानात शब्द कुणाचा चालणार, हे मला आणि अव्वाला, दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी अप्पांची. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली फोर व्हील पिकअप, म्हणजे दांडा टाकला की चारही चाकं ओढणारी, मागे हौदा, पुढे दोघा-तिघांपुरती केबिन. मी शाळेत शिकवायचे आणि ती चालवायचेही. त्यावर लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं होतं. रानाच्या वाटेवर काळी माती आणि मध्ये ओढा, तिथं दुसरी कुठलीच गाडी जायची नाही. बैलगाडी तर हिच्याहून उंच. स्टूल ठेवून पाहिलं, ते मातीत रुतून कलंडलं आणि अव्वा पडता पडता वाचली. लोखंडी पायरी जोडून घेतली, ती ओढ्यातल्या दगडानं आठवड्यात उपटून टाकली. म्हटलं, आता गाडीच खाली आणायची.

घराच्या ओट्यावर अव्वा कुणाच्या मदतीशिवाय बसायची. मी जमिनीपासून ओट्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि तीच सुतळी गाडीच्या सीटला लावली. सीट आठ बोटं वर होती. सुतळी घेऊन होटगी रोडवरच्या मिस्त्रींकडे गेले. अप्पांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखालची.

"नक्को बाई," ते म्हणाले. "फोर व्हीलची उंची म्हणजेच तिची ताकद. खाली आणली की चाकं तिथंच राहणार, पोट खाली येणार. ओढ्यात टेकली की मला शिव्या घालाल."

"शिव्या मी आत्ताही घालू शकते," मी म्हटलं.

ते हसले आणि जॅक आणायला गेले. आमची गाडी चाकांवर तोलली जायची ती पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांवर. मिस्त्रींनी ते चारही संच सोडवले, एकेक पाटा ऐरणीवर ठेवला आणि थंडच घणानं ठोकून त्याची कमान कमी केली. रोज शाळा सुटली की मी तिथं एका पालथ्या डब्यावर जाऊन बसायचे. माझ्या बसण्यानं काम लवकर होत नव्हतं, पण मला घरी बसवत नव्हतं.

"लक्षात ठेवा बाई, पाटा भट्टीत घालायचा नाही," एकदा त्यांनी बजावलं. "लाल झाला की जीव गेला त्याचा. मग तो नुस्तं लोखंड."

सहाव्या दिवशी गाडी खाली उतरली. सुतळी लावली, पाच बोटं कमी झाली होती. तीन उरली. मिस्त्रींनी हात जोडले. "याच्यापुढं नक्को."

अमावस्येला चार दिवस होते. तीन बोटांसाठी माझी आई घरी बसणार, हे काही माझ्या डोक्यात मावेना. मी गाडी सरळ वळसंगला नेली, लोहाराकडे. तो नांगराचे फाळ शेवटायचा, म्हणजे तापवून त्यांना धार काढायचा, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. गड्याच्या मदतीनं त्यानं पुढचे पाटे सोडवले आणि भाता ओढायला घेतला. मी म्हटलं, थंडच ठोका.

"लाल केल्याबिगर लोखंड ऐकतंय व्हय?" तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही, फाळ तसाच ठोकतात. मिस्त्रींचे शब्द माझ्या कानात होते. तरी मी म्हटलं, "घाला." चूक माझी, सगळी माझी.

संध्याकाळी सुतळीची गाठ सीटला बरोबर टेकली.

अमावस्येच्या सकाळी अव्वा गाडीशी आली, पाठ सीटकडे केली आणि बसली. मग पाय हातानं उचलून आत घेतले. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. हौद्यात आंबिलीचं मडकं, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आणि सांभाळायला गडी व त्याची बायको. निघालो.

लोहाराकडून रिकामी गाडी आणताना काही जाणवलं नव्हतं. आता भरल्या गाडीचं पहिल्याच खड्ड्यात पुढचं तोंड खाली गेलं ते वर आलं नाही. दुसऱ्यात आणखी गेलं. वळसंग येईतो गाडी गुडघे टेकायला निघालेल्या बैलासारखी झाली होती. ओढ्याशी फोर व्हीलचा दांडा टाकला, हळूच आत घातली, आणि बरोबर मधोमध खालून कर्र आवाज झाला. चाकं फिरत होती, गाडी दगडावर बसली होती.

पलीकडच्या काठावर भावकी उभी. चुलतभावांनी धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरायला लागले. आता पुन्हा तेच, पुन्हा उचलणार, आणि या वेळी माझ्यामुळं. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"आपटू नको," अव्वा म्हणाली. तिनं दार उघडून खाली पाहिलं. घोट्याइतकं पाणी, सपाट दगड. गाडी इतकी खचली होती की तिचे पाय बसल्या बसल्या तळाला टेकले. ती काठी रोवून उभी राहिली. मी पळत जाऊन हात पुढं केला.

"ब्याड," ती कानडीत म्हणाली. नको. मग भावकीला ओरडून, "तुमी तितंच थांबा. मडकं तेवडं आना कुनीतरी."

ओढा, चढण, मग ढेकळांची वाट. दर चार पावलांना ती थांबायची. मी मागे, हात माझ्याच पाठीशी बांधून. खोपीपाशी पोचायला तिला इतका वेळ लागला की चुलती दोनदा म्हणाली, मुहूर्त टळतोय. तरी सगळे थांबले. पूजा झाली आणि आंबील अव्वानंच शिंपडली, बांधालगतच्या शेवटच्या तासापर्यंत, पिकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत.

गाडी बैल जुंपून ओढून काढली. मिस्त्रींनी पुढचे दोन्ही संच काढून बाजूला टाकले आणि नवे, पुन्हा थंडच ठोकून, बसवले. गाडी पुन्हा तीन बोटं वर गेली. मी घरी येऊन अव्वाला सांगितलं, याहून खाली ती ओढा पार करणार नाही.

तिनं सुतळी मागून घेतली. दातानं गाठ सोडली, तीन बोटं मोजली आणि वर नवी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर तीन बोटं जाडीची फळी टाकलेली होती आणि अव्वा तिच्यावर बसायला बघत होती. निम्मी बसली, घसरली, काठी धरून पुन्हा उभी राहिली.

"बघत काय उबी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "वरीसभर येळ हाय की."