सात नंबरचं मशीन

लॉरेन्स अंकल मरोळ गावठाणातले. आधी बॅटऱ्या दुरुस्त करायचे, मग आमच्या साकीनाक्याच्या डेटा सेंटरला लागले आणि पन्नाशीत स्टोरेज, म्हणजे डेटा साठवायचं काम, शिकले. आम्ही इंजिनिअर लोक स्क्रीन बघतो. अंकल आधी मशीनला हात लावून बघायचे, ताप आलाय का म्हणून. मला, म्हणजे रुचिराला, सगळं त्यांनीच शिकवलं, तेही शिव्या घालत.

"हे बघ गं," ते म्हणायचे, "हॉस्पिटलच्या सर्व्हरला वाटतं, आपली स्वतःची डिस्क आहे. कसली डिस्क न् काय! तिचे बारीक तुकडे केलेत, आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन कॉपी तीन वेगळ्या रॅकमध्ये, मशीनची कपाटंच म्हण, ठेवल्यात. एक रॅक मेला तरी दोन कॉपी जिवंत. एकच उरली, तर सिस्टिम लिहिणंच बंद करते. शहाणी आहे ती."

शहाणी आहे, पण आंधळी. कुठलं मशीन कुठल्या रॅकमध्ये आहे, हे तिला आपण टाइप करून सांगायचं असतं. त्या यादीला आम्ही नकाशा म्हणतो. यादीत जे लिहिलंय ते तिच्यासाठी खरं.

एप्रिलमध्ये सात नंबर रॅकवर एसीचं पाणी टपकायला लागलं. हॉस्पिटलची एक कॉपी असलेलं मशीन भिजेल म्हणून अंकलनी ते तडकाफडकी काढून चार नंबरमध्ये बसवलं. दुसरं टोक मी धरलं होतं. नकाशा उद्या बदलतो, म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता चार नंबरमधून जळका वास यायला लागला. आमचा मॅनेजर हर्षद धावत आला. नकाशा बघून म्हणाला, "चार बंद करा. हॉस्पिटलच्या कॉपी दोनमध्ये आणि सातमध्ये आहेत, टेन्शन नाही."

सातमध्ये हॉस्पिटलचं काहीच नव्हतं; तिथली कॉपीही आता चारमध्येच होती, चारच्या स्वतःच्या कॉपीशेजारी. चार बंद केला की दोन कॉपी एकदम जाणार, एकच उरणार, आणि मुलुंडच्या हॉस्पिटलचे स्क्रीन थिजणार, ऑपरेशन थिएटरमधलेसुद्धा. बोलायला हवं होतं. पण नकाशा न बदलता मशीन हलवणाऱ्याला आमच्याकडे सरळ घरी बसवतात. हर्षदचा हात स्विचकडे गेला.

"सर, थांबा," अंकल म्हणाले. "सातचं मशीन चारमध्ये आहे. मी हलवलं. नकाशा बदलायचा राहिला."

हर्षदचा चेहरा उतरला. "काय बोलताय अंकल! वाट लागली ना! आणि इथे आग लागली तर?"

"पाच मिनिटं द्या फक्त."

मशीनला विजेच्या दोन वायरी असतात, नेटवर्कच्याही दोन. एकेक काढून शेजारच्या पाच नंबर रॅकला जोडली, तर मशीन जागेवरच चालू राहतं, पण चारच्या विजेपासून सुटतं. चुकून दोन्ही एकदम निघाल्या, तर जे टाळायचंय ते आपणच केलं. अंकल गुडघे टेकून रॅकच्या मागे शिरले. वास वाढत होता. मी टॉर्च धरला होता, पण डोळे मशीनच्या दिव्यांवर होते आणि उजेड भलतीकडेच पडत होता.

"नीट धर गं, माझीच बोटं मला दिसत नाहीयेत!"

पहिली वायर निघाली. एक दिवा लाल झाला. वायर पाचमध्ये गेली, तरी दिवा लालच. अंकलनी ती पुन्हा दाबली. हिरवा. असं आणखी तीनदा, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता गेलं.

"आता करा बंद."

चारचे पंखे थांबले. स्क्रीनवर हॉस्पिटलच्या नावापुढे आलं: कॉपी दोन, लिहिणं चालू. मुलुंडहून कोणाचाही फोन आला नाही.

दुपारी हर्षदने रिपोर्ट लिहायला घेतला. "मशीन हलवताना सोबत कोण होतं?"

ते मशीन चाळीस किलोचं आहे. एकट्या माणसाला ते रॅकमधून काढता येत नाही, हे हर्षदलाही माहीत होतं. त्याने आधी अंकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी नाही, सर," अंकल म्हणाले. "एकटाच होतो."

हर्षद थोडा वेळ थांबला. माझ्यासाठीच थांबला होता. मी जमिनीकडे बघत राहिले, आणि त्याने 'एकटा' असं टाइप केलं.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारपासून अंकल घरी आहेत. मला माझीच लाज वाटते. नकाशा आता माझ्याकडे दिलाय.