डोक्यातला धोटा

आमच्या गल्लीत अमावस्येला हातमाग बंद असतात. अशाच एका अमावस्येला बायको म्हणाली, "माग बंद हाय न्हवं? मग माझ्या डोक्यात धोटा कोण चालवतंय?"

मी हसलो. मागावर बसणाऱ्याच्या कानात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज राहतोच, सुटीच्या दिवशी निवळतो. पण तिनं हट्टानं माझा कान आपल्या कानशिलाला लावून घेतला. आणि मला ऐकू आलं. सर्र, सर्र, नाडीच्या ठेक्यात, बाहेरून स्पष्ट.

"काय न्हाय," मी म्हणालो. डॉक्टर हिचं डोकं उघडतील, या भीतीनं खोटं बोललो. आज लिहितोय म्हणून कबूल करतोय; एरवी तोंडातून निघालं नसतं.

पुढं तिची डावी पापणी खाली आली, मग उघडेचना. तेव्हा टांगा केला, आगगाडी गाठली आणि मिशनच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नळी मिटल्या डोळ्यावर ठेवून ऐकलं, मग मानेतली शीर अंगठ्यानं दाबली.

"थांबला की," बायको म्हणाली. अंगठा सुटला. "लागला परत."

डॉक्टर एकदम उभेच राहिले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनीला फुगा आला होता. असा फुगा बहुधा फुटल्यावरच कळतो. हा आधीच आवाज देत होता. डोकं उघडायचं नव्हतंच. मानेतली शीर बांधायची, म्हणजे फुग्यावरचा जोर उतरेल. मात्र मेंदूला रक्त कमी पडलं, तर उजवा हात आणि वाचा जायची भीती.

म्हणून नुसती मान बधिर करून तिला जागं ठेवलं. तिचा उजवा हात माझ्या हातात दिला. डॉक्टर दोरा हळूहळू आवळू लागले.

"बोलत राहा, बाई."

"ह्यांच्यापुढं? मला कुटं बोलू देत्यात."

नर्स हसली. माझा सगळा जीव तिच्या बोटांत.

"मूठ दाबा."

तिनं अशी दाबली की माझी बोटं कळवळली. मला ओरडावंसं वाटलं.

"आवाज येतोय?"

"न्हाय. लई शांत हाय."

"कधीपासून होता?"

"लई दिवस. ह्यांना कान लावायला लावला होता. पर ह्यांना ऐकू आलं न्हाय."

शब्द न् शब्द स्पष्ट. डॉक्टरांनी गाठ मारली. वाचा शाबूत, हात शाबूत. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. पापणी पुढंही अर्धीच उघडली. पण त्या क्षणी ती मला म्हणाली, "रडू नगा, वाचले की मी."

मी मान हलवली. तेवढंच.