भिजल्या चिऱ्याच्या रंगाची गाडी

"तुम्ही व्हा पुढे," म्हणायचं आणि हातातला कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरायचा, ही ताईंची रीत. कुणाचं लग्न असो, ऑफिसची सहल असो, नाहीतर कोपऱ्यावर चहाला जायचं असो. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी ताई असेल. सगळे पुढे होतात आणि ती मागून कधीच येत नाही.

आवक-जावकच्या टेबलावर आम्ही दोघी शेजारी बसायचो. त्या नेहमी मागे का राहतात, ते मला वर्षभराने कळलं. घरी वडील होते, अठ्ठ्याऐंशीचे, आणि त्यांचं मन साठ वर्षं मागे जाऊन बसलं होतं. तरुणपणी ते इथल्या एका आंबा व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. रोज संध्याकाळी शर्ट चढवायचे आणि "मालक खोळंबलेत" म्हणत निघायचे. एकदा गावाबाहेर पालीच्या रस्त्याला सापडले, अनवाणी. तेव्हापासून ताई फाटकाला आतून कुलूप लावत. दिवसा एक बाई बाबांपाशी बसे. तिची जायची वेळ झाली की ताईंना घरी पोचावंच लागे. बढतीची बदली त्यांनी दोनदा नाकारली होती. भाऊ मुंबईला. गणपतीत यायचा, दीड दिवस.

"मी मुलगी आहे हे विसरलेत," त्या एकदा म्हणाल्या, "पण मालकांच्या गाडीचा एकेक नट लक्षात आहे."

बाजारातून त्यांनी खेळण्यातली लाल मोटार नेली, तर बाबांनी ती अंगणात भिरकावली. "ही कुठली? आमची अशी हाय?" तेव्हा ताईंनी ठरवलं, हुबेहूब तशीच करायची. घरात एक जुना फोटो होता: बॉनेटला टेकून उभे असलेले तरुण बाबा. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "सुटे भाग जोडून करायच्या गाड्यांची किट मोबाइलवरून मागवतात ना? बघ गो जरा."

मिळालं, पण धड नाही. मॉडेल तेच होतं, पण शर्यतीसाठी बदललेलं. छत कापून बुटकं केलेलं, मागची चाकं गलेलठ्ठ, इंजिन भलतंच. "मला कंपनीतून निघाली तश्शी हवी," ताई म्हणाल्या. मग दुसरं किट मागवलं, त्याच गाडीच्या मालवाहू भावंडाचं. त्याची चाकं, मडगार्ड, इंजिन अस्सल होतं. अंग मात्र टेम्पोसारखं. दोन्ही फोडून एक गाडी करायची होती.

जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून त्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायच्या. बुटक्या छताचे खांब त्यांनी ब्लेडने कापले आणि मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवून उंची वाढवली. एक खांब वाकडा बसला. पुन्हा कापला. गोंद लागलेल्या अंगठ्याचा ठसा आवक नोंदवहीवर उमटला, तो साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रंगाचं बाबांनाच विचारलं. "भिजल्या चिऱ्यागत," ते म्हणाले, "मडगार्ड काळं." ताईंनी जांभ्या दगडाच्या चिऱ्याचा तुकडा पाण्यात बुडवला आणि त्यावरून रंग मिसळला. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं.

गाडी पुरी झाली त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. आम्ही आत गेलो आणि त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. कुलपाचा आवाज आत उभं राहून ऐकला की वेगळा लागतो.

बाबांनी गाडी तळहातावर घेतली. छतावरून बोट फिरवलं, उलटी करून चाकं पाहिली. मग ते उठले, शर्टाची बटणं लावली आणि ताईंसमोर अदबीने उभे राहिले.

"बाईसाहेब, गाडी तयार हाय. कुठं जायाचं?"

ते ताईंना मालकीण समजले होते.

"सांगा की ताई, काहीही," मी कुजबुजले.

"सुचत नाही गो."

मीच "गणपतीपुळ्याला" म्हणून टाकलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हुकूम बाईसाहेबांचाच हवा होता.

"बंदरावर," अखेर ताई म्हणाल्या. बंदर त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

त्यानंतर बाबा फाटकाकडे कधी गेले नाहीत. गाडी मांडीवर घेऊन बसून असत. पावसाळा सरता सरता ते गेले.

मला वाटलं, आता ताई सुटल्या. पोफळीच्या ऑफिसात बढतीची एक जागा रिकामी होती. मी बदलीचा अर्ज टाइप करून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. तेराव्यानंतर भाऊ म्हणाला, "तुझी वहिनी अंथरुणाला खिळलीय. तिच्याजवळ कुणीतरी हवंच. आणि तू एकटी इथे काय करणार?" मुंबईला जायचं म्हणून ताईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला.

"नाही म्हणा ना, ताई," मी म्हटलं.

"ते कसं म्हणतात गो?" त्या खरंच विचारत होत्या.

निघायच्या दिवशी त्या भावाच्या गाडीत मागच्या सीटवर, दोन बॅगांच्या मध्ये बसल्या. दार भावाने बाहेरून लोटलं. मी हात हलवला. त्यांनाही हलवायचा असणार, पण बाबांची गाडी ठेवलेला खोका त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पुढचा सगळा रस्ता खड्ड्यांचा होता.